ज्याला कोबी, त्याची भांडी

"गॅस बंद केलास ना, ग्लेनिस?" क्लॅरीने मागच्या दारातूनच विचारलं. हातात नुकतीच फोडलेली लाकडं होती.

सकाळपासून त्याचं हेच पालुपद चाललं होतं. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात चॉकलेट वितळत होतं. त्याला गॅस चालूच लागतो, एवढंही आपल्या नवऱ्याला कळेनासं झालंय, असं ग्लेनिसच्या मनात आलं. रॉबिनसमोर असं काही बोलला, तर संपलंच सगळं.

रॉबिन, त्यांची एकुलती एक मुलगी, ब्रिस्बेनहून निघाली होती. म्हणायला जेवायला येत होती, पण खरं कारण वेगळं होतं. तिकडच्या एका वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. एकाच माणसापुरती. एकट्या माणसाला घरी हे सांभाळणं झेपत नाही, मी येऊन बघते आणि मग ठरवू, असं ती फोनवर म्हणाली होती. तेव्हापासून ग्लेनिसला घास गोड लागत नव्हता. सगळा संसार जोडीनं केला, आणि आता क्लॅरीला उचलून परक्यांच्या हाती देणार?

तो विसरभोळा झाला होता खरा. ती तरी कुठे नाकारत होती? ज्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं, तिथल्या कपाटांवर हल्ली त्याने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. इथे कप, इथे साखर. गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात घालून हिंडायचा आणि मागितली की म्हणायचा, सापडत नाही. आज त्याला फार बोलू द्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. जुलैचा नाताळ नेहमीच्या थाटात पार पडला, की पोरीचं मन वळेल.

खरा नाताळ यायचा तो डिसेंबरच्या उकाड्यात. भाजलेलं मांस आणि पुडिंग तेव्हा घशाखाली उतरत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या स्टँथॉर्प गावातली बरीच घरं थंडीत, जुलैतच, एकदा नाताळ उरकून घेतात. या घरात त्याला एक खोडी जोडलेली होती. चॉकलेटमध्ये बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्यांच्या ताटात लिंबाएवढाच वाढणाऱ्या जातीचा एकच कच्चा कोबी बुडवून लपवायचा. ज्याच्या तोंडी तो येईल, त्याने सगळ्यांची भांडी घासायची.

टोपलीतलं एकेक उचलून ग्लेनिसने फडक्याने नीट कोरडं केलं. पाण्याचा थेंब राहिला, तर चॉकलेट आळून खडबडीत होतं. तिने देठ उडवले, काट्याला टोचून बुडवलं, कागदावर मांडत गेली. शेवटी वेगळं काढलेलं तेही एक बुडवून मधोमध ठेवलं. कुठलं ते आता तिलाही ओळखता येत नव्हतं. काम चोख झालं होतं. तिला जरा धीर आला.

क्लॅरीने लाकडं टाकली, गॅस बंद केला आणि ताटातलं एक तोंडात टाकलं. बराच वेळ चावत राहिला. तिच्याकडे पाहिलं. मग दुसरं उचललं.

"रॉबिन यायचीय, राहू दे तिला," ती म्हणाली.

"एवढं एकच," तो म्हणाला, पण एकावर थांबला नाही. बाहेर गाडी वाजली, तेव्हाही त्याचं तोंड चालूच होतं.

रॉबिन आली तीच घरभर फिरली. चिठ्ठ्या वाचल्या. बापाला हळूच विचारलं, रात्री कितीदा उठावं लागतं. त्याच्या आधी ग्लेनिसनेच सांगून टाकलं, की तो अगदी गाढ झोपतो, कधी उठत नाही. जेवण कसंबसं झालं. ग्लेनिसने कौतुकाने ताट आणलं, तर क्लॅरीने ते सरळ स्वतःपुढे ओढलं आणि एकामागून एक तोंडात कोंबायला लागला. ती ओशाळून गेली. लेकीसमोर हेच दिसायचं राहिलं होतं.

"बाबा, मलाही द्या की," रॉबिन म्हणाली. "भांड्यांना एवढं घाबरता होय?"

"तुला बाधतील. गाडी चालवायचीय तुला."

त्याने ताटावर हात आडवा धरला. तिने हसत हसत बोटांखालून एक पळवलं आणि चावलं. करकर आवाज झाला.

"आलाच माझ्या नशिबी," ती म्हणाली आणि तोंडाची चव घालवायला दुसरं घेतलं. तेही करकरलं. तिचं हसू मावळलं. तिसरं तिने तोंडात घातलंच नाही, हातानेच फोडलं. चॉकलेट गळून पडलं. आत हिरवी, कच्ची, एकावर एक पानं.

"स्ट्रॉबेऱ्या गोड आहेत ना गं?" ग्लेनिसने विचारलं.

रॉबिनने बापाकडे पाहिलं.

"फार गोड," क्लॅरी म्हणाला, आणि त्याने आणखी एक तोंडात टाकलं.