रिकामा बाक

अब्बांच्या बदल्यांपायी माहिराची ही चौथी शाळा. आधीच्या तिन्हींत तिने धड तोंडही उघडलं नव्हतं. रविवारी, म्हणजे आखातातल्या शाळेच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ती अल वक्र्याच्या दहावीच्या वर्गात शिरली, तेव्हा मधला एकच बाक रिकामा होता.

"मिस, तिथे कुणी बसतं का?"

"आजपासून तू," नीता मिस म्हणाल्या. "मेंडेलीव्हने आवर्त सारणीत न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा सोडल्या होत्या. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांवरून त्यांचे गुणही आधीच सांगून ठेवले होते. आम्हीही तेच केलंय."

बाकावर मुलांनी चिठ्ठी चिकटवली होती: 'पुढे अनय, मागे जियाद, दोघंही बडबडे. मधलं पोरही बडबडंच निघणार.'

'साफ चुकलात,' माहिरा मनात म्हणाली.

गुरुवारी मिस ओरडल्या, "माहिरा, जरा गप्प बस गं!"

अख्ख्या वर्गाने टाळ्या पिटल्या; सगळ्यांत जोरात माहिराने.