आधी कोपरे

ऐक ना, मध्ये काही विचारू नकोस, आधी पूर्ण ऐक.

सभागृह खच्चून भरलेलं. व्यासपीठावर चित्स्के हूकेमाबाई, प्राध्यापकांचा काळा झगा आणि ती चपटी रुंद टोपी घालून. निरोपाचं व्याख्यान. सगळं आयुष्य हाडासांध्यांचे एमआरआय वाचण्यात आणि वाचायला शिकवण्यात गेलं, आज शेवट. समोर बसलेले बहुतेक सगळे रेडिओलॉजिस्ट त्यांच्याच हाताखालून गेलेले, कोणी पार ऑस्लोहून आलेलं. दाराशी विद्यापीठाचा मानकरी, समारंभाचा उंच दंड हातात धरून उभा. आपली रीत तुला माहितीच आहे, प्राध्यापकाने शेवटी "मी सांगितलं आहे" म्हटलं की मानकरी दंड आपटणार, मग लोक उठणार. त्याआधी कोणी जागचं हलायचं नाही.

पहिल्या रांगेत वीब्रन पोस्टमुस, गुडघ्यांचा सर्जन, शेजारी बायको हिल्का. बाईंचा जुना दोस्त आणि जुना वैरी. बाई म्हणणार, प्रत्येक फाटलेलं लिगामेंट शिवायला लागत नाही. वीब्रन म्हणणार, लागतं. आणि हाच वीब्रन वीस वर्षांपूर्वी कालव्यावर स्केटिंग करताना आपटला, लिगामेंट फाटलं, तर स्वतःच्या गुडघ्याला सुरी लावू देईना. तो एमआरआय बाईंनी तेव्हापासून प्रत्येक वर्गात दाखवला. वीब्रन तिथे असला की उठून पँट वर करून गुडघा दाखवायचा.

आजसाठी बाईंनी त्याच गुडघ्याचा नवा एमआरआय काढला होता. आठवड्यापूर्वी. आजारासाठी नाही गं, नुसता व्याख्यानासाठी, गंमत म्हणून. लिगामेंटचं पुढे काय झालं एवढंच बघायचं होतं, आणि तेवढंच बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लॅपटॉपवर बघितलं.

"आणि हा आजचा गुडघा," बाई म्हणाल्या. शेवटचं चित्र पडद्यावर आलं, भिंतीएवढं.

"उभा राहू का?" वीब्रन उठलासुद्धा. दरवेळी त्याची पँट पोटरीवर अडायची आणि तो शिव्या घालायचा. या वेळी सरसर वर गेली. लोक हसले.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "सर्जनला फक्त मधलं दिसतं. आम्ही काय बघतो?"

"आधी कोपरे," अख्खं सभागृह एका सुरात. हे त्यांचं ठरलेलं. आधी कोपरे बघा, मधलं काय, ते आपणहून दिसतं.

म्हणून बाईंनीही मान वर करून कोपरा बघितला.

मांडीच्या हाडात, चित्र जिथे संपतं तिथे, डाग होता. गोल, गुळगुळीत असता तर चाललं असतं. हा तसा नव्हता. हाडाची भिंत आतून कुरतडल्यासारखी.

हसणं कसं थांबलं माहितीये? एकदम नाही. रांगेरांगेने. दुसऱ्या रांगेतल्या एकीने हात तोंडावर नेला आणि लगेच खाली घेतला. मग मागे शांत झालं, मग गॅलरीत. आता तिथे ज्याला ज्याला चित्र वाचता येत होतं त्याला कळलं होतं, ही हाडातली गाठ साधी नाही. वीब्रन तेवढा हिल्काला बोटाने मधलं लिगामेंट दाखवत होता.

बाईंनी बटण दाबलं. पडदा काळा.

"अगं चित्स्के, परत लाव," वीब्रन ओरडला. "हिल्काला दाखवतोय ना मी."

आणि मागच्या तंत्रज्ञाने, त्याला काय माहीत, परत लावलं.

मग बाई दोन पावलं सरकल्या. सरळ प्रोजेक्टरच्या उजेडात. टोपीची मोठी सावली पडद्यावर चढली आणि तो कोपरा झाकला गेला. तिथेच उभ्या राहून, डोळ्यांत उजेड घेऊन, त्यांनी उरलेलं व्याख्यान दिलं. मान जराही हलवली नाही. जरा हलली असती तर तो डाग कानाशेजारून डोकावला असता.

"टोपी काढ की," वीब्रन म्हणाला, "माझा गुडघा अर्धा दिसत नाहीये."

"अर्धा पुरे आहे तुला."

कोणी हसलं नाही. वीब्रनने वळून मागे बघितलं, काय मेलेत की काय सगळे, अशा नजरेने.

आभार मानून झाले. आता ते एकच वाक्य उरलं. मानकऱ्याने दंड उचलून धरला. बाईंनी आधी हिल्काकडे बघितलं, मग वीब्रनच्या त्या उघड्या, बारीक झालेल्या पोटरीकडे. पँट तशीच वर होती.

"म्हणून टाक ना बाई," वीब्रन म्हणाला. "बिअर गरम होतेय."

बाई खाली उतरल्या. सावली पडद्यावरून निघाली, कोपरा उघडा पडला. दोनशे डॉक्टर होते तिथे, आणि एकही पडद्याकडे बघत नव्हता. सगळे आपापल्या बुटांकडे.

बाई वीब्रनसमोर झग्यासकट गुडघ्यांवर बसल्या आणि त्याची पँट हळूहळू खाली करायला लागल्या, लहान मुलाची करतात तशी, पार घोट्यापर्यंत.

"हे काय गं?" वीब्रन अजून हसत होता. "शेवटचं वाक्य राहिलं तुझं."

"आत चल," बाई म्हणाल्या. "हिल्का, तूपण ये."

दोघं त्यांच्या मागोमाग बाजूच्या खोलीत गेली. मानकरी दंड वर धरून तसाच उभा. तो आपटेपर्यंत उठायचं नाही, म्हणून कोणी उठलं नाही. बाजूच्या दारातून काहीच ऐकू येत नव्हतं.

बरं, तू सांग. व्याख्यान तिथल्या तिथे थांबवलं असतंस, की सावली धरून उभी राहिली असतीस? काय केलं असतंस तू?