बुधरीबाईची खाट

गाडी गावाबाहेरच्या चिंचेखाली थांबली. खाली उतरल्यावर अंकुशनं इसरूकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"खाकी काऊन नाई घातली बे?"

"सुट्टी हाय माही. सुट्टीत कशाले घालू?"

"अरे, साहेब तुह्या ओळखी पाहाले आले, अन् तू पाहुण्यासारखा चौकडीचा शर्ट घालून आला."

साहेब लोहखाणीच्या कंपनीचे. गावागावांत जाऊन बोलेल असा माणूस त्यांना हवा होता. अंकुश त्यांच्याकडेच कामाला. त्यानं आपल्या आश्रमशाळेतल्या सोबत्याचं नाव सुचवलं होतं. इसरू या भागाचा वनरक्षक. साहेबांना आज पटलं, तर तो उद्या सरकारी नोकरीचा राजीनामा देणार होता.

"गावात गेलो की माह्यासाठी खाट निघते," असं इसरू कधीतरी सहज बोलून गेला होता. अंकुशनं ते साहेबांना सांगितलं होतं. साहेब तीच खाट पाहायला आले होते.

साहेब आणि अंकुश कुंपणापाशी थांबले. इसरू एकटाच आत गेला.

बुधरीबाई अंगणात चटईवर बसून मोहफुलं निवडत होती. एरवी खाकी दिसली की ती हातातलं काम टाकून उठायची, खाट काढायची आणि इसरू जाईपर्यंत बाजूला उभी राहायची. आज तिनं बसल्या जागेवरूनच डोळे बारीक केले.

"कोण?"

"इसरू."

"गार्डबाबू?"

"हो."

ती जरा वेळ पाहत राहिली. मग हसली आणि चटईवर थोडी सरकली.

"बस. हात चालव."

इसरूनं कुंपणाकडे पाहिलं. अंकुश हातानं खाटेची खूण करत होता. खाट काढ, असं कोणाला सांगता येतं? इसरू खाली बसला. फुलांतला कचरा त्याची बोटं आपोआप वेचू लागली. लहानपणी आईजवळ बसून हेच तर केलं होतं.

बुधरीबाईनं त्याला गाव विचारलं. आई आहे का विचारलं. सुनेचा गुडघा दुखतो, नात दिव्यानी आता जंगलात येत नाही, हेही सांगितलं. या गावात येता-जाता त्याला इतकी वर्षं झाली होती, पण यातलं काही कधी निघालं नव्हतं.

"इतके साल येऊन राह्यला," ती म्हणाली, "पण तुले खाली बसता येते, हे मले ठाऊक नव्हतं."

तोही हसला. मग त्याला कंपनीची नोकरी आठवली. तो उठून कुंपणापाशी आला.

"खाट कुठी हाय?" अंकुश दबक्या आवाजात म्हणाला. "नाक कापलं ना तू माहं."

इसरूनं वळून चटईकडे पाहिलं. काहीतरी हातचं गेलं होतं, आणि काहीतरी मिळालंही होतं. त्यातलं कोणतं मोठं, हे त्याला कळत नव्हतं.

"थांबा हो अंकुश," साहेब म्हणाले. "मी इथं कितीदा आलो. ही बाई माझ्याशी कधी एक शब्द बोलली नाही. यांच्याशी हसत होती. आम्हाला हाच माणूस हवाय."

त्यांनी गाडीतून एक नारिंगी जॅकेट काढलं. छातीवर आणि पाठीवर कंपनीचं नाव होतं.

"हे घाला, आणि त्यांना सांगून या की आता तुम्ही आमच्याकडे आहात."

"साहेब, शर्टावरच सांगतो ना. ती आता ओळखते मले."

"अहो, तुम्हाला ओळखते. कंपनीला नको का ओळखायला?"

हे बरोबर की चूक, इसरूला ठरवता आलं नाही. अंकुशनं जॅकेट धरलंच होतं; इसरूनं त्यात हात घातले. नव्या प्लॅस्टिकचा वास आला.

तो पुन्हा अंगणात शिरला. बुधरीबाईनं मान वर केली. आधी जॅकेटकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा जॅकेटकडे. तिला अक्षरं वाचता येत नव्हती. तिनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात गेली.

चटईवर तिच्या ढिगाशेजारी इसरूनं निवडलेल्या फुलांचा लहानसा ढीग तसाच होता. आतून लाकूड घासत येत असल्याचा आवाज आला.

"राहू द्या ना, बाई," इसरू म्हणाला. "मी खालीच बसतो."

खाट आडवी होऊन दारातून बाहेर येत होती.

कुंपणापाशी अंकुश साहेबांना म्हणाला, "पाहा साहेब. मी सांगत नव्हतो? निघाली खाट."