बिघडलेला कॉम्प्युटर

"यंत्र कितीही शहाणं असलं तरी माणसाच्या शिस्तीपुढे वाकतंच," असं निवृत्त हेडक्लार्क मोरेश्वर खानोलकरांनी जाहीर केलं आणि कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद करून चालू केला. यंत्र वाकलं नाही. त्यावरून लेकीला, शलाकाला, पाठवलेला एकही मेसेज त्यांच्या फोनवर दिसत नव्हता. त्यावरून केलेला व्हिडिओ कॉल तर शलाकानं चार महिन्यांत एकदाही उचलला नव्हता.

शेवटी त्यांनी आपल्या फोनवरून ऑकलंडला कॉल लावला. तो तिनं लगेच उचलला आणि त्यांची तक्रार ऐकून घेतली.

"कॉम्प्युटरवर कोपऱ्यात कोणाचा फोटो दिसतोय, बाबा?"

"तुझ्या आईचा. घरचा कॉम्प्युटर, दुसऱ्या कोणाचा असणार?"

"तो कॉम्प्युटर आईच्या फोनला जोडलेला आहे. तुम्ही त्यावरून पाठवता ते सगळं मला आईच्या नावानं येतं."

खानोलकरांनी कपाटाकडे पाहिलं. बायकोला जाऊन चार महिने झाले होते, तरी तिचा फोन ते रोज न चुकता चार्जिंगला लावत.

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस की! आणि कॉल का उचलत नव्हतीस?"

"वाजत असतो तोवर तो आईचा असतो, बाबा. उचलला की तुम्ही दिसाल."

चष्मा पुसत त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे हे असंच बिघडलेलं राहू दे?"

"राहू द्या. फक्त प्रत्येक मेसेजखाली 'पोच द्यावी' असं लिहू नका."