शेवटून दुसरा

छत्तिसाव्या किलोमीटरच्या पाटीजवळ मनोजच्या पोटरीत गोळा आला आणि तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. पाय हलवता येईना. थकलेल्या धावपटूंना उचलून नेणारी पांढरी गाडी तेवढी त्याच्या मागे उरली होती. ती शेजारी येऊन थांबली.

"बसता काय, भाऊ?" ड्रायव्हरने विचारलं. "साडेदहा होऊन गेले. बारा वाजता मैदानावरचं शेवटचं गेट काढतेत."

मनोजने मानेनेच नाही म्हटलं. पण गाडीतली ती मऊ सीट त्याला दिसत होती.

अकोल्यात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी तेल्हाऱ्याजवळच्या एका विहिरीतून जळालेली मोटार वर काढताना तो शिडीवरून पडला. उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई टाकावी लागली. "लंगडत नाही चाललात, तरी खूप झालं," असं डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी खाटेवरून त्याने बायकोला सांगून टाकलं, "सीमा, मी अमरावतीची मॅरेथॉन धावीन. पुरी. बेचाळीस किलोमीटर." सीमाला वाटलं, गोळ्यांचा अंमल असेल. आता तीच सीमा सकाळपासून नेहरू मैदानावर त्याची वाट पाहत उभी होती.

"काहून बसला रे, बापू?"

मनोजने वर पाहिलं. साठीला टेकलेली एक बाई समोर उभी होती. नऊवारीवर ढगळ फुल शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, चेहरा घामाने निथळलेला. ती कुठून आली ते त्याला कळलं नाही. आपल्या मागे कुणी नाही, असंच तो धरून चालला होता.

"पोटरी धरली, मावशी."

ती खाली बसली. त्याचा पाय मांडीवर घेऊन तिने बोटं मागे ओढली आणि अंगठ्यांनी पोटरी अशी रगडली की मनोज ओरडलाच. हळूहळू गोळा सुटला.

"मी दुर्गाबाई. अचलपूरची. भाजी-फुलं लावतो आमी," ती उठता उठता म्हणाली. "आता पाह्य बापू, आपल्या दोघांतून एक जन शेवटला येनार. मी त येत नाई."

आणि ती चक्क पळत सुटली.

मनोज बघत राहिला. मग त्याला राग आला. रागाच्या भरातच तो उभा राहिला आणि तिच्या मागे निघाला.

पुढचे तीन किलोमीटर दोघांचं हेच चाललं. तो तिला गाठायचा, ती पुढे सटकायची. तो दमून चालायला लागला की नेमकी तिची लेस सुटायची आणि ती वाकून बांधत बसायची. म्हणजे हीसुद्धा थकली, असं मनोजला वाटायचं. त्याचा त्याला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाची जरा लाजही वाटायची. पाय कसा मोडला ते त्याने धावता धावताच तिला सांगितलं होतं. मधेच ती विचारायची, "विहीर किती फूट होती रे?" तो धापा टाकत सांगायचा, "पन्नास." "मंग वाचला कसा?" "पानी होतं खाली." "नशीबवान हायेस. आमच्या विहिरीत पडला असता त गाळात रुतला असता."

एकोणचाळिसाव्या किलोमीटरला तो स्पीडब्रेकरला अडखळला आणि तोंडावर आपटला. दोन्ही तळहात सोलले, गुडघ्यातून रक्त आलं, आणि सळईच्या पायातून कमरेपर्यंत एक सणक गेली. तो रांगत्या मुलासारखा हातापायांवर तसाच राहिला. ड्रायव्हरने उतरून गाडीचं दार उघडलं.

वीस पावलं पुढे गेलेली दुर्गाबाई वळली.

"बस मंग गाडीत!" ती तिथूनच ओरडली. "मी सांगतो साऱ्याइले, एक पोरगा होता, बुढीले हारला!"

मनोजला हसू फुटलं. त्या अवस्थेत, रस्त्यावर ओणवा, तो खदखदून हसला. ड्रायव्हरही हसायला लागला. हसता हसताच मनोज उठला.

"थांबा मावशी! सोडत नाई आता तुमाले!"

मैदान दिसलं तेव्हा बाराला चार मिनिटं होती. गेटच्या एका बाजूचे दोर सोडायला माणसं शिडीवर चढली होती. ती तशीच थांबून पाहू लागली. मनोज उजवा पाय ओढत धावत होता, दुर्गाबाई त्याच्या खांद्याला खांदा लावून. शेवटच्या पन्नास पावलांत त्याने दात आवळले आणि तिला मागे टाकलं. दोन हातांच्या अंतराने का होईना, पण टाकलं. रेषेपलीकडे तो सरळ सीमाच्या अंगावरच कोसळला.

"सीमा, मी शेवटला नाई!" तो ओरडला. "शेवटून दुसरा आलो!"

सीमा रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. संयोजकांकडच्या एका मुलीने मनोजच्या गळ्यात मेडल घातलं आणि ती जायला वळली.

"अवो ताई, मावशीले बी द्या ना," मनोज म्हणाला. "त्या माह्या मांगून आल्या आताच."

"या आजींना?" मुलगी गोंधळली. "यांना तर एकवीस किलोमीटरचं मेडल मी नऊ वाजताच दिलंय."

मनोज दुर्गाबाईकडे पाहतच राहिला. चोरी पकडल्यासारखी ती पदराने तोंड पुसत होती.

"मंग तुमी तिकडं परत काहून गेल्या, मावशी?"

"मागच्या साली साऱ्यात शेवटी मीच होती, बापू," ती म्हणाली. "इथवर एकटी आली. संगं बोलाले कोनीच नोयतं."