विरजण

मातीतले जीव मेल्यापासून काहीच कुजत नव्हतं. बांधांवर वर्षानुवर्षांच्या पालापाचोळ्याचे ढीग पडून होते आणि रानं उपाशी होती.

प्रयोगशाळेतून आलेल्या बाईंनी हौसाबाईच्या ओंजळीत काळी, ओलसर माती ठेवली. "विरजण समजा, मावशी. टाकाल तिथून पसरत जाईल."

हौसाबाईनं वास घेतला. लहानपणीच्या उकिरड्याचा वास होता तो. तिचे डोळे भरून आले.

शेताकडे जाताना ती वाळत चाललेल्या चिंचेखाली थबकली. तिथं तिची तान्ही लेक पुरलेली होती, अजून जशीच्या तशी. त्या एका आधारावर हौसाबाई रोज तिच्याशी बोलायची.

ती खाली बसली. बराच वेळ ओंजळ उघडेना.

"आता मोठी हो, बाय," ती म्हणाली, आणि चिंचेच्या मुळाशी तिनं विरजण लावलं.