नवरीचं डोकं

"मुकुटाला हात लावू नकोस," नुर्लिस मावशी ओठ न हलवता पुटपुटल्या. "सगळा गाव बघतोय."

देस्रीनानं हात मांडीवर घेतला. मखरात बसून तिला निम्मा दिवस झाला होता. डोक्यावर सोनेरी फुलांचा नवरीचा मुकुट, सुंतियांग, थरावर थर, या कानापासून त्या कानापर्यंत. वजन विचारू नये. नवरी नटवण्यात नुर्लिस मावशींचा हात धरणारं पायाकुम्बुच्या पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि आपण चढवलेला मुकुट दिवेलागणीपर्यंत उतरत नाही, ही त्यांची शेखी.

आणि नेमकी आत्ताच, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, एक नागमोडी रेघ लखलखायला लागली.

आली बया!

या अर्धशिशीनं तिचा एक सण धड जाऊ दिला नव्हता. पदवी घ्यायच्या दिवशी ती सभागृहामागे ओकत होती. ईदेला सगळं घर जेवायला बसलेलं, आणि ही अंधाऱ्या खोलीत कपाळावर ओला फडका घेऊन. साखरपुड्याचं तर तिला काही आठवतच नाही. फोटोत दिसते म्हणून होती म्हणायचं. आजचा एक दिवस मला मिळू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

त्यासाठी मायलेकींनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. रोज वेळेवर झोप, उठल्याउठल्या पोटात काहीतरी. गाणेवाल्याचे भोंगे रस्त्याकडे तोंड करून लावले, अत्तर थापून आलेल्या मावश्यांना गोड बोलून लांब बसवलं. माशी शिंकली ती एकाच ठिकाणी. पहाटे नटताना नुर्लिस मावशींनी तिच्या हातातला पाण्याचा पेलाच काढून घेतला. "या अवतारात मोरीत कशी जाणार आहेस? नवरीनं पाणी प्यायचं नसतं." तिनं ऐकलं. इथल्या सगळ्याच नवऱ्यामुली ऐकतात.

"काय होतंय?" शेजारी बसलेल्या नवऱ्यानं, रिझालनं, हळूच विचारलं.

'काही नाही' हे तिचं ठरलेलं उत्तर ओठांवर आलं. दरवेळी ती हेच म्हणायची, आणि काही नाही, काही नाही करत अख्खा दिवस हातचा जायचा. डॉक्टर ओरडले होते तिला: ठणका लागल्यावर नाही, चाहूल लागली की गोळी घ्यायची.

पण आत्ता? नवऱ्याकडच्या बायका डोक्यावर झाकलेली ताटं घेऊन नुकत्याच अंगणात शिरत होत्या. याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती.

"आमाक!" तिनं आईला हाक मारली. भोंग्यांच्या वर जाईल एवढ्या मोठ्यानं. "काढा हे! माझं डोकं उठतंय."

आमाक गोळी घेऊन धावत आली. नुर्लिस मावशी आडव्या आल्या. "वेड लागलंय का? सासरची माणसं दारात, आणि नवरीची जागा रिकामी? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. माझं तोंड आहे, मी बघीन," आमाक म्हणाली. "तू आधी मुकुट उतरव."

तोवर रिझालची आई, अस्मिवार्तीबाई, थेट मखरापाशी येऊन उभ्या राहिल्या. "काय चाललंय?"

देस्रीनाच बोलली. "मला अर्धशिशी आहे. आत्ता गोळी घेऊन थोडी पडले, तर संध्याकाळपर्यंत तुमच्याबरोबर बसेन. नाही पडले, तर उद्याही उठणार नाही."

सासूबाईंनी कपाळाला आठ्या घालून तिला न्याहाळलं. "मग बसलीस काय अशी? जा की!" आणि मग नुर्लिसकडे वळून, "जागा रिकामी नको ना? आण तो मुकुट इकडे."

आतल्या खोलीत आमाकनं पडदा ओढला. गोळी, पोटभर पाणी, चार घास भात, डोळ्यांवर गार फडका. बाहेर एकदम हशा पिकला. देस्रीना शहारली.

"मला हसतायत."

"हसू देत. तू डोळे मीट."

रेघ हळूहळू कडेला सरकली, विरली. आता घण बसणार म्हणून ती दात आवळून पडून राहिली. घण बसला नाही. डोकं जडावलं होतं, पण तेवढं चालतं.

"आमाक," ती भीतभीतच म्हणाली, "गेली वाटतं."

आमाकनं तिला छातीशी धरलं आणि पदराला डोळे पुसले.

बाहेर येऊन बघते तर नवरीच्या जागी सासूबाई! डोक्यावर सुंतियांग, मान ताठ, घामानं निथळत येणाऱ्याजाणाऱ्याचे हात हातात घेतायत. रांगेतल्या बायका हसून लोटपोट, आणि शेजारी रिझाल लाजेनं अर्धा झालेला.

"बरं वाटतंय?" त्यांनी मान न वळवता विचारलं. वळवताच येत नव्हती.

"हो. उठा तुम्ही, मी बसते."

"बस. नुर्लिस, हिला फुलांची पुढची एकच ओळ लाव. बाकीचं राहू दे."

मुकुट उतरला. सासूबाईंच्या कपाळावर लालभडक वळ उठला होता. त्या बराच वेळ तो चोळत राहिल्या.

"माझ्या लग्नापासून प्रत्येक नवरीला सांगत आलेय," त्या म्हणाल्या, "की आनंदात वजन कळत नाही म्हणून." मग आवाज खाली आला. "कळतं गं. तेव्हाही कळत होतं."